कडेचा पिवळेपणा

हात कोपरापासून मनगटापर्यंतच दिसत होता. हिरव्या ऑइलपेंटच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेला, तळवा वर, बोटं जराशी मिटलेली. उजेड खिडकीतून आडवा येत होता आणि त्या उजेडात कातडीवरची लव एकेक करून मोजता आली असती. मनगटाच्या वर चार बोटांचे निळे-काळे वळ. खाली पाठवणाऱ्यानं लिहिलेले शब्द होते, स्त्री, घर, वेदना, हिंसा, कल्पनाचित्र. गंधालीनं सवयीनं फोटो पूर्ण मोठा केला, चारही कोपऱ्यांत फिरून आली. कुठं चित्र फुटून दाणे दिसत नव्हते, कुठं हललेलं नव्हतं, कुठल्या कंपनीचं चिन्ह चुकून आलेलं नव्हतं. डोळे झाकून पास करावा असा फोटो. तिचं बोट बटणावर गेलं आणि तिथंच राहिलं, कारण वळांच्या कडेला पिवळं होतं. हळदीचा हात पुसल्यावर फडक्याला उरतं तेवढंच. रंग लावणारा माणूस निळा लावतो, काळा लावतो, फार तर जांभळा. पिवळा लावायचं त्याला सुचत नाही.

काही वर्षांपासून ती हेच काम करत होती. जगभरातून लोक फोटो पाठवतात, परदेशातली एक कंपनी ते जाहिरातींना, वर्तमानपत्रांना, दवाखान्यांच्या पत्रकांना विकते, आणि विकायला ठेवण्याआधी प्रत्येक फोटो कोणाच्या तरी डोळ्यांखालून जावा लागतो. ते कोणीतरी म्हणजे जालन्यातल्या एका अपार्टमेंटच्या मागच्या खोलीत, इस्त्रीच्या कपड्यांच्या ढिगाशेजारी बसलेली गंधाली. नवरा निखिल रोलिंग मिलच्या ऑफिसात होता. नातेवाइकांना ती सांगायची, कॉम्प्युटरवर काहीतरी असतं. जास्त सांगायची परवानगीही नव्हती. पाहिलेल्या फोटोबद्दल कोणाशी बोलायचं नाही आणि हेच काम करणाऱ्या दुसऱ्या माणसाला शोधायचं नाही, असं कामाला लागतानाच तिनं कबूल केलं होतं. एकदा निकाल दिला की फोटो कायमचा जायचा, परत बघायची सोय नव्हती. म्हणून तिला खात्री करता येईना, पण ती हिरवी खिडकी तिनं आधी पाहिली होती. कट्ट्याच्या डाव्या कोपऱ्याला रंगाचा पोपडा निघाला होता, आणि एखादा आवाज ओळखीचा वाटावा पण माणूस आठवू नये तसा तो पोपडा तिच्या ओळखीचा होता. तिनं फोटो बाजूला ठेवला. पुढचा आला, कोणाच्या तरी लग्नातले समोसे. तिला समोसे दिसेनात.

पिवळं तिनं पाहिलं होतं ते कौसल्यामावशीच्या दंडावर. मावशी जांब समर्थला दिलेली. रामनवमीला सगळे तिकडं जायचे, देवळातून येऊन तिच्या ओट्यावर जेवायचे. भर उन्हाळ्यातही मावशी लांब बाह्यांचं पोलकं घालायची. गंधाली तेव्हा तिसरी-चौथीत असेल. मावशीनं हंडा उचलला, बाही वर सरकली, आणि तिला तो डाग दिसला, मधे काळा आणि कडेला पिवळा होत गेलेला. ती कोणाला काही बोलली नाही, कारण तिला तो डाग सुंदर वाटला होता. पुढच्या एका उन्हाळ्यात मावशी गेली. स्टोव्हचं सांगितलं गेलं. तेराव्याच्या दिवशी स्वयंपाकघरात बायका भाजी निवडत बसल्या होत्या आणि तिथं पहिल्यांदा एकेकीनं आपापल्याजवळचं काढलं. आई म्हणाली, ती माहेरी आली की फार भराभर जेवायची. मामी म्हणाली, दार वाजलं की दचकायची. कोणी म्हणालं, एकदा कान फुटला होता तिचा. प्रत्येकीजवळ एकेक तुकडा होता, आणि तो जिचा तिनं जपून ठेवला होता. भाजीच्या ताटाभोवती तुकडे जुळले आणि मावशी पुरी दिसली. तोवर तिची राखही उरली नव्हती. बायका पुन्हा मेथी निवडायला लागल्या. देठ मोडल्याचा तो बारीक आवाज गंधालीला अजून कधीही ऐकू यायचा, अगदी रिकाम्या घरातसुद्धा.

आता प्रश्न एवढाच होता की दानियालला विचारायचं का. दानियाल तिला इंटरनेटवाल्याच्या दुकानात भेटला होता. दोघंही लाइन बंद पडल्याची तक्रार घेऊन आलेले, आणि दोघांच्याही तोंडून एकच वाक्य निघालं होतं, फोटो अडकलेत. बाहेर पायरीवर त्यानं विचारलं, "ताई, तुमी पन त्यांच्याकडंच का?" ती नाही म्हणाली. स्कूटीपर्यंत गेली, परत आली आणि हो म्हणाली. त्याच्या वडिलांचा जुन्या जालन्यात फोटो स्टुडिओ होता, मोबाइल आले आणि तो बंद पडला. मुलगा त्याच फोटोंच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसला होता. त्याला सगळ्यांचा एक ग्रुप करायचा होता, गुपचूप. "आपन सगळे एकटे एकटे बसून राह्यलो ताई. डॉक्टर डॉक्टरला फोन करतो, वकील वकिलाला इचारतो. आपन कुनाला इचारायचं?"

"आपण एकमेकांना विचारायला लागलो," गंधाली म्हणाली होती, "तर आपले इतके डोळे राहणार नाहीत दानियाल. दोनच राहतील. आणि ते कोणाचे, हेही कळणार नाही."

"दोन तर दोन. पन बराबर बघतील."

ती तयार झाली ती एका अटीवर, की फोटोबद्दल बोलायचं नाही, फक्त पद्धतीबद्दल बोलायचं. नागपूरची स्वरा आली, आणखी काही जण आले, ज्यांचे चेहरे तिनं कधीच पाहिले नाहीत. सुरुवातीला तिला बरं वाटलं. डोळ्यांची आग, मान धरणं, दिवसभर दुसऱ्यांचे समुद्र आणि दुसऱ्यांची मुलं बघून संध्याकाळी स्वतःचं घर खोटं वाटणं, हे सगळं कोणालातरी सांगता येत होतं. हळूहळू सगळ्यांचे निकाल एकसारखे यायला लागले. कोणता उजेड चालतो, कोणता नाही, परत केलेल्या फोटोसोबत पाठवणाऱ्याला त्याच्या भाषेत जाणाऱ्या शेऱ्यात काय लिहायचं, शब्दसुद्धा तेच. दानियालला त्याचा अभिमान वाटायचा. गंधालीला मात्र कधी कधी उगाच वाटून जायचं, की अंधारात सगळे एकमेकांचा हात धरून चालले आहेत आणि पुढच्याला दिसत असणार असं मागच्या प्रत्येकाला वाटतंय.

आज मात्र तिनं ग्रुपवर स्वतःचीच अट मोडली. लिहिलं, "हिरवी खिडकी. बाईचा हात. असं कोणाकडे काही आलंय का?"

ती फोन हातात धरून बसली. मग दानियालचं आलं, "पाठ आल्ती. वेणी पुढं घेतलेली. पास केली." मग स्वराचं, "माझ्याकडे पाय होता. घोटा सुजलेला. मी पण पास केला, लाइट फार छान होता." मग पुन्हा दानियाल, "मान पन आल्ती. दिवाळीच्या नंतर." आणखी कोणीतरी लिहिलं, "खांदा." एकेका घरातून एकेक अवयव येत होता आणि गंधालीच्या हातातल्या फोनवर बाई जुळत चालली होती. फक्त तोंड नव्हतं. प्रत्येकानं एकच तुकडा पाहिला होता, प्रत्येकाला तो नीट वाटला होता. स्वयंपाकघरात कोणी नसताना तिला मेथीचे देठ मोडल्याचा आवाज आला.

"हे बोलायला नको होतं आपण," स्वरानं लिहिलं. "प्लीज सगळ्यांनी डिलीट करा." आणि ती ग्रुपमधून निघून गेली. तिच्यामागून बाकीचेही गेले.

दानियालचा फोन आला. त्याचा आवाज खाली गेलेला. "ताई, पाठीच्या फोटोत खिडकीच्या बाहेरचं थोडं दिसत होतं. चिमनी, आन् उसाच्या गाड्या. तवा मी ध्यान न्हाई देलं. ती अंकुशनगरच्या साखर कारखान्याची चिमनी हे. माझी खाला, अम्मीची बहीन, राहते तिकडं."

तोपर्यंत ती खिडकी कुठल्याच देशातली नव्हती. आता ती अंबडच्या रस्त्यावर आली, जिथून गंधाली कितीदा गेली असेल. त्या रात्री ती निखिलच्या शेजारी पडून राहिली आणि तिला वाटत राहिलं, की इथून तिथपर्यंत मधे भिंत अशी नाहीच, नुसतं अंतर आहे.

कंपनीला तिनं कळवलं. नकाराची कारणं निवडायला होती, फोटो हललेला, दाणेदार, सारखे अनेक. या बाईला कोणीतरी मारतंय, असं कारण नव्हतं, आणि शेरा लिहिला तर तो पाठवणाऱ्यालाच गेला असता. तिनं वेगळं पत्र लिहिलं. उत्तर फार नम्र होतं. फोटोतल्या व्यक्तीची संमती त्यांच्याकडे होती. पण ज्या इतर फोटोंचा उल्लेख तुम्ही केला आहे ते तुमच्याकडे आलेच नव्हते, ते तुम्हाला कसे माहीत? तिनं खरं ते लिहिलं. दुसऱ्या दिवशी तिचा स्क्रीन उघडला नाही. दानियालचाही नाही.

"मेकअप असंल तर?" निखिल म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, त्याला खरंच ते शक्य वाटत होतं. "सिनेमात न्हाई का करत? तुला एकटीलाच दिसलं आन् एवढ्या मोठ्या कंपनीला न्हाई दिसलं?"

"त्यांच्याकडं प्रत्येकाला एकच तुकडा दिसतो. तुम्ही मावशीच्या वेळी असता ना, तर कळलं असतं."

त्याला मावशीचं नीट माहीत नव्हतं. पण ती अंकुशनगरला जाणारच, एवढं त्याला कळलं. "एकटी जाऊ नको," शेवटी म्हणाला. "कुनालातरी सोबत घे. बाईमानूस घे."

दानियालनं चुलतभावाची गाडी आणली आणि आईला आणलं. कमरबी शिवणकाम करायच्या, गल्लीतल्या निम्म्या पोरींची मापं त्यांना तोंडपाठ. रस्ताभर त्या बोलत राहिल्या, मोसंबीच्या बागांवर, कोणाच्या लेकीच्या बाळंतपणावर, दानियालच्या गाडी चालवण्यावर. गंधाली खिडकीतून बघत होती आणि जे दिसेल ते तिला चौकटीत दिसत होतं. वाकलेला ट्रेलर, पास. बांधावरची शेळी, पास. उसाची चिपाडं रस्त्यावर पसरलेली, मळीचा गोड कुजका वास गाडीत शिरलेला. वास फोटोत येत नाही, एवढंच त्यातलं खरं वाटत होतं. खालाकडून दानियालला कळलं होतं, की वसाहतीच्या पलीकडं रस्त्याकडेच्या घरांत एक धर्मराज राहतो, लग्नाचे फोटो काढतो. माणूस शांत. बायको बेबीनंदा अलीकडं हळदीकुंकवालाही दिसत नाही.

हिरवी खिडकी रस्त्यावरूनच दिसली. दानियाल गाडीत थांबला. दार उघडलं ती बावीस-चोविशीची बाई होती. गंधाली तिच्या तोंडाकडं बघतच राहिली. साधं, गोल तोंड, कपाळावर गोंदण, डोळ्यांत झोप. इतक्या तुकड्यांच्या वर असं तोंड असेल असं तिला वाटलं नव्हतं. आपल्याला काय वाटलं होतं, हेही आठवेना.

"बेटी, पानी पिला दे," कमरबी म्हणाल्या आणि न विचारता आत जाऊन बसल्या.

"बसा की. ते न्हाईत, ऑर्डरला गेल्यात." बेबीनंदा पाणी आणायला वळली, एक पाय ओढत. खोलीत भिंतीला पांढरी चादर लावलेली, खिडकीशी स्टूल, एका बाजूला थर्माकोलचा पांढरा पत्रा, उजेड परतवायला. सगळं फार नीटनेटकं होतं. तिनं सांगून टाकलं. "मी तुमचे फोटो बघते. बघत होते. कंपनीकडून."

बेबीनंदाच्या तोंडावर भीती येईल असं तिला वाटलं होतं. आला तो आदर. ती पदर सावरून ताठ झाली. "तुमी पास करता?"

"ते डाग रंगाचे असतात ना?" गंधालीला कळत होतं, की तिला हो ऐकायचं आहे. हो ऐकलं तर ती घरी जाऊन झोपेल.

बेबीनंदानं दाराकडं पाहिलं, मग कमरबींकडं. "आदी रंगाचेच व्हते. काजळ, कुकू, जांभळाचा रस, काय काय करायचे ते. चांगलं करायचे, मला बी खरं वाटायचं. पन सगळे परत यायचे. बनावट दिसतं म्हनून. कुनी बी बघू द्या, लिहून तेच यायचं. डागाच्या कडेला पिवळेपणा नाही. मला दाखिवलं त्येंनी, मी वाचलंय. मंग रंग फेकून देला." ती थांबली. "पयल्यांदा लई रडले ते. दुसऱ्यांदा न्हाई."

डागाच्या कडेला पिवळेपणा नाही. गंधाली ते वाक्य ऐकत राहिली. ग्रुप नवा होता तेव्हा दानियालनं विचारलं होतं, खोट्या जखमा ओळखायच्या कशा, आणि तिनं मावशीचं नाव न घेता मावशीचा दंड लिहून पाठवला होता. सगळ्यांनी तिची वाहवा केली होती. दानियालनं ते वाक्य ग्रुपच्या माथ्यावर लावून ठेवलं. सगळ्यांनी ते शेऱ्यात उतरवून घेतलं, जसंच्या तसं, किती महिने कोण जाणे. आणि ते इथं आलं होतं, या खोलीत, रंगाच्या डब्या फेकून द्यायला. तिला वाटलं, उठावं, पण पाय कोणाचे आहेत ते कळेना. कमरबींना सगळं समजलं नव्हतं, पण जेवढं लागतं तेवढं समजलं होतं. त्यांनी बेबीनंदाचा घोटा मांडीवर घेतला होता आणि माप घ्यावं तशा त्यावरून बोटं फिरवत होत्या.

बाहेर मोटारसायकल थांबली. खांद्याला बॅग लावलेला, किडकिडीत, स्वच्छ कपड्यातला माणूस आत आला. बेबीनंदाला दुसरं काही सुचलं नाही. "ह्या कंपनीच्या बाई हायेत," ती म्हणाली, "फोटो पास करत्यात."

धर्मराजनं बॅग खाली ठेवली. चप्पल बाहेर काढून आला आणि हात जोडले. त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. "मॅडम, इतके साल झाले, तिकडं मानूस हे का मशीन, तेच कळंना. तुमी घरी आल्या. चहा टाक गं." मग तो गंधालीच्या समोर खाली बसला, शाळेतल्या पोरासारखा, आणि आवाज बारीक करून म्हणाला, "एक इचारायचं होतं. कुनाला सांगनार न्हाई, आपसातलं. आतापरेंत तोंड कधी घेतलं न्हाई मी. तोंडाचे काढले तर पास होतील का?"

मग कमरबी उठल्या. "इसका पाँव सड़ जाएगा. मैं दवाखाने ले जारी इसको."

"उद्या मी नेतो की, चाची."

"आज," कमरबी म्हणाल्या आणि बेबीनंदाच्या बगलेत हात घालून तिला उठवलं.

तो त्यांच्याकडं वळणार होता. पण त्याची नजर गंधालीवरच अडकली होती, उत्तराची वाट बघत, आणि गंधालीला एकदम कळलं, की उत्तर पुरतं मिळेपर्यंत हा माणूस जागचा उठणार नाही. ती बोलायला लागली. खिडकीचा उजेड फार आडवा येतो, पातळ पडदा लावा, म्हणाली. थर्माकोल जरा मागं घ्या, सावली मऊ होईल. भिंत पांढरी नको, फिकी करडी करा. तिचा आवाज शांत होता, ग्रुपवर सल्ला देतानाचा आवाज. तो मान डोलावत होता, मधेच बोटानं जमिनीवर खुणा करत होता. मागं बेबीनंदाचा पाय फरशीवर घासत दाराकडं चालला होता. तोंडाचं विचारलं ना तुम्ही, ती म्हणाली, तोंडाचं असं असतं, आणि त्यापुढं काय बोलली ते तिला नंतर कधीच आठवलं नाही. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. मग ती उठली.

"किती वाजंपरेंत आनून सोडता तिला?" त्यानं मागून विचारलं. अजूनही अदबीनं. ती चालत राहिली आणि पाठीवर त्याची नजर घेऊन गाडीत बसली. गाडी सुरू झाली तेव्हा तो दारात येऊन उभा होता, एक डोळा किंचित बारीक केलेला.

दवाखान्यातून पोलिसांना कळवलं गेलं. बेबीनंदानं जबाब दिला, मधे एकदा मागं घेतला, पुन्हा दिला. केदारखेड्याहून तिचा भाऊ बद्रीनाथ आला आणि तिला घेऊन गेला. धर्मराज काही दिवस आत होता, मग जामिनावर सुटला, लग्नसराईत पुन्हा ऑर्डरी घेतो असं खाला सांगते. कंपनीनं त्याचे फोटो काढून टाकले. जे आधी विकले गेले ते कुठं कुठं आहेत याचा पत्ता कोणालाच नाही. कुठल्यातरी देशात, कुठल्यातरी दवाखान्याच्या भिंतीवर तो हात असेल आणि खाली मदतीचा नंबर. गंधालीला कामावर परत घेतलं नाही. दानियाल चुलतभावाच्या दुकानात बसतो. एकदा रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, "ताई, आपन आपसात बोललो म्हनून ती वाचली, का आपन बोललो म्हनूनच तिला..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. गंधालीनंही केलं नाही. दोघं आपापल्या वाटेनं गेली.

उन्हाळा लागताना ती केदारखेड्याला गेली. बेबीनंदा भावाच्या ओसरीवर तूर पाखडत बसली होती. अंगानं भरली होती, पाय बरा झाला होता. हसली, कमरबींची चौकशी केली, सुपातले खडे वेचत वहिनीच्या कुरबुरी सांगत राहिली. गंधाली ऐकत होती. ऐकता ऐकता तिची नजर बेबीनंदाच्या हातावर गेली, मग दंडावर, मग मानेवर, नुसतं बरं झालंय का एवढं बघायला. कातडी स्वच्छ होती. तिला आनंद झाला आणि त्या आनंदात ती क्षणभर जास्तच बघत राहिली असावी, कारण पाखडण्याचा आवाज थांबला. बेबीनंदा बोलता बोलता गप्प झाली होती. सूप हातात तसंच, मान किंचित उजेडाकडं वळलेली, पापणी लवत नव्हती, श्वाससुद्धा दिसत नव्हता. ओसरीवर ऊन पडलं होतं. गंधालीनं मान फिरवली, अंगणातल्या शेणीकडं बघितलं, बैलाच्या दावणीकडं बघितलं, बराच वेळ तिकडंच बघत राहिली.

मागून बेबीनंदानं हळूच विचारलं, "आता हलू का?"